सी-26 आणि सी-33

आय-765 नावाचा एक फॉर्म आहे. अमेरिकेत राहणारे, नागरिकत्व नसलेले, ग्रीन कार्डही नसलेले, पण काम करून पोट भरायचंय असे आम्ही बरेच जण तो भरतो. त्यातला सत्ताविसावा प्रश्न असा की तुम्ही कुठल्या वर्गात मोडता ते कंसात लिहा. मी लिहिते सी-26. ज्या दातांच्या दवाखान्यात मी इन्शुरन्सचे क्लेम बघते, तिथली एक सहाय्यक रोज दुपारी माझ्यासोबत डबा खाते. ती लिहिते सी-33. बाकी फॉर्म अक्षरशः एकच. येणारं कामाच्या परवानगीचं कार्डही तसंच, बोटांचा ठसा आणि पासपोर्ट साइजमधला कुणाचाच चांगला न येणारा फोटो असलेलं. या कार्डावर देशात परत येता येणार नाही, ही ताकीद दोघींच्याही कार्डावर.

तिचं नाव इथे देत नाही. 'लिही, पण नाव नको' असं तिनेच सांगितलंय. सध्याचे दिवसच तसे आहेत.

मराठी वाचकांना सी-26 ची ओळख बहुधा करून द्यायला नको. एच-वन या नोकरीच्या व्हिसावर आलेल्या नवऱ्याची बायको म्हणजे एच-फोर. बायकांच्या व्हिसावर आलेले नवरेही आहेत, पण थोडे. 2015 पर्यंत एच-फोरवाल्यांना काम करायची मुभाच नव्हती. त्या वर्षी 26 मेपासून नियम बदलला: जोडीदाराच्या ग्रीन कार्डाचा पहिला टप्पा, म्हणजे आय-140, मंजूर झाला असेल किंवा त्याचा एच-वन सहा वर्षांपलीकडे वाढवून मिळाला असेल, तर कार्ड मागता येतं. ही कार्डं घेणाऱ्यांत नव्वद टक्क्यांहून जास्त भारतीय आणि तितक्याच प्रमाणात बायका. मी 2012 मध्ये साताऱ्याहून न्यू जर्सीत आले तेव्हा एम.कॉम. होते आणि एका पतपेढीत सहा कर्मचाऱ्यांवर साहेब होते. आल्यावर चार वर्षं मी लायब्ररीत गोष्टी वाचून दाखवल्या, मंडळाच्या गणपतीत हिशेब ठेवले, आणि लोकांनी 'मग दिवसभर काय करतेस?' विचारलं की हसले. 2016 मध्ये नवऱ्याचं आय-140 मंजूर झालं आणि माझं पहिलं कार्ड आलं.

सी-33 म्हणजे डाका (DACA), बालपणी इथे आणल्या गेलेल्यांसाठीची सवलत. ती मेक्सिकोतल्या पुएब्लामधून आई-वडिलांसोबत आली तेव्हा चार वर्षांची होती. कागद नव्हते. 15 जून 2012 ला ओबामांनी जाहीर केलं की सोळा वर्षं पूर्ण व्हायच्या आत ज्यांना इथे आणलं गेलं, जे 15 जून 2007 पासून सलग इथेच आहेत आणि ज्यांनी वयाची एकतिशी गाठलेली नाही, त्यांच्यावर देशाबाहेर काढण्याची कारवाई दोन वर्षं करणार नाही आणि त्या काळात काम करू देऊ. शाळेत असावं किंवा शाळा पूर्ण केलेली असावी, मोठे गुन्हे नसावेत. बस, एवढंच. डाकातून ग्रीन कार्ड मिळत नाही, नागरिकत्वाचा रस्ता नाही, व्हिसाही नाही. दोन वर्षांनी पुन्हा अर्ज, पुन्हा पैसे, पुन्हा बोटांचे ठसे. ती तेव्हा हायस्कुलात होती. आता तिशी ओलांडलीये. पहिल्या तुकडीतले काही जण तर चाळिशी पार करून गेलेत, आणि अजूनही कागदोपत्री 'बालपणी आलेले'च आहेत.

आमच्याकडे मंडळात नव्या माणसाची ओळख झाली की पूर्वी गोत्र विचारायचे तशी प्रायॉरिटी डेट, म्हणजे ग्रीन कार्डाच्या रांगेत नंबर लागल्याची तारीख, विचारतात. 'आमची 2011 अखेर', 'आमची ईबी-थ्री ला डाउनग्रेड केली', 'तुमची अजून 2015? अरेरे.' ईबी-टू, ईबी-थ्री हे नोकरीवरच्या ग्रीन कार्डांचे वर्ग. वर्षाला नोकरीवर आधारित ग्रीन कार्डं साधारण एक लाख चाळीस हजार, आणि कुठल्याही एका देशाला सात टक्क्यांहून जास्त नाहीत. भारतासारख्या देशालाही सात टक्के आणि आइसलँडलाही सात टक्के. त्यामुळे रांग दशकभराची. हे सगळं आम्हाला तोंडपाठ असतं. आणि याच गप्पांत, ताटात दुसऱ्यांदा मसालेभात घेता घेता, कुणीतरी हमखास म्हणतं: 'आपण कायद्याने आलो. रांगेत उभे राहिलो. ते घुसले, आणि त्यांना मात्र कार्ड दिलं.'

मी पूर्वी यावर गप्प बसायचे. हल्ली बसत नाही. कारण रोज दुपारी जिच्याबरोबर जेवते ती घुसलेली नाही, तिला उचलून आणलं गेलं. आणि ज्या रांगेत तिच्या आईबापांनी उभं राहायला हवं होतं असं आपण म्हणतो, ती रांग पुएब्लातल्या शेतमजुरासाठी अस्तित्वातच नव्हती. आमच्यासाठी होती, कारण आमच्या नवऱ्यांच्या डिग्र्यांना गिऱ्हाईक होतं. एवढं बोलले की विषय क्रिकेटवर जातो.

रिन्यूअल कसं करावं हे मला वकिलाने नाही, तिने शिकवलं. तिच्याकडे निळ्या रंगाची अकॉर्डियन फाइल आहे. पहिल्या कप्प्यात आतापर्यंतची सगळी जुनी कार्डं, दुसऱ्यात मंजुरीची पत्रं, तिसऱ्यात शाळेची हजेरीपत्रकं, लसीकरणाच्या नोंदी, डेंटल असिस्टंटचं सर्टिफिकेट. 2007 पासून आपण इथेच आहोत हे कधी कुणी विचारेल सांगता येत नाही. रिन्यू करताना जुने पुरावे पुन्हा मागत नाहीत, तरी ती टाकत काहीच नाही. तिचा नियम: कार्ड संपायच्या दीडशे दिवस आधी अर्ज गेला पाहिजे, एकशेवीसच्या खाली येता कामा नये. इमिग्रेशन खात्याचं सांगणंही तेच आहे. फोटोमागे पेन्सिलीने, दाब न देता, नाव आणि ए-नंबर, म्हणजे इमिग्रेशन खात्याने दिलेला क्रमांक, लिहायचा. बॉलपेनने लिहिलं तर पुढच्या बाजूला उमटतं. पाकीट पावतीच्या पोस्टानेच पाठवायचं. पूर्वी ती पोस्टात जाऊन मनी ऑर्डर काढायची, कारण चेक वटला की नाही या काळजीत झोप लागत नाही म्हणे. आता ऑक्टोबर 2025 अखेरपासून कागदी अर्जासोबत चेक किंवा मनी ऑर्डर घेतच नाहीत, कार्डाने किंवा थेट खात्यातून भरायचे. डाकाचे आधी 495 डॉलर होते, एप्रिल 2024 पासून कागदावर 605, ऑनलाइन 555. माझं आय-765 कागदावर 520 आणि सोबत मुक्काम वाढवायचं आय-539, त्याचे आणखी 470. पैशाच्या बाबतीत तिच्यापेक्षा मीच महाग पडते. अर्थात माझा खर्च नवऱ्याच्या पगारातून निघतो, तिचा तिच्या पगारातून.

एकदा जेवणाच्या सुट्टीत तिने तिचा अर्ज माझ्यासमोर भरला. तेव्हा मला कळलं की तिला माझ्यापेक्षा एक पान जास्त आहे. आय-765 डब्ल्यूएस. त्यात तीन आकडे लिहायचे: वर्षाचं उत्पन्न, वर्षाचा खर्च, आणि मालमत्तेची आजची एकूण किंमत. खाली थोडी कोरी जागा, काही सांगायचं असेल तर. हे सगळं कशासाठी, तर काम करायची आर्थिक गरज आहे हे दाखवायला. तिने उत्पन्न लिहिलं. खर्चाकडे आल्यावर मोबाइलवर बँकेचं ॲप उघडून महिन्याचं भाडं, गाडीचा हप्ता, आईची औषधं असं करत बेरीज केली. मालमत्तेच्या ओळीवर थांबली. 'गाडी धरू का? तिच्यावर अजून कर्ज आहे.' मी पतपेढीतली बाई. मी म्हटलं, कर्ज वजा करून जे उरेल ते. उरलं ते तिने लिहिलं. कोरी जागा कोरी ठेवली. मला त्या पानाचा राग आला, तिला नाही. मी या देशात काम का करते, हे मला कुणी कधी विचारलेलं नाही. माझ्याकडून फक्त लग्नाचा दाखला मागतात.

लग्नाचा दाखला हेही प्रकरणच आहे म्हणा. माझं कार्ड नवऱ्याच्या एच-वनला टांगलेलं, त्याचा एच-वन त्याच्या कंपनीला टांगलेला. त्याची नोकरी गेली तर साठ दिवसांत नवी शोधायची, नाहीतर आम्ही दोघंही बाहेर. आणि आमचा मुलगा इथे जन्मलेला, घरातला एकटा अमेरिकन, निळा पासपोर्टवाला. त्याला एकदा विचारलं होतं शाळेत, आईवडील काय करतात. घरी येऊन म्हणाला, 'मी सांगितलं, ते रिन्यू करतात.' आम्ही हसलो. त्याने काही चुकीचं सांगितलं नव्हतं.

तिच्यावरचं सगळ्यात वाईट वर्ष 2017. पाच सप्टेंबरला ॲटर्नी जनरल जेफ सेशन्स यांनी डाका बंद करत असल्याचं जाहीर केलं. ज्यांची कार्डं 5 मार्च 2018 पर्यंत संपणार होती, त्यांना एकदा शेवटचं रिन्यू करायची सवलत, तीही अर्ज 5 ऑक्टोबरपर्यंत पोचला तर. एक महिना. तिच्या कार्डावरची तारीख मार्चच्या तिसऱ्या आठवड्यातली होती. म्हणजे तिच्या धाकट्या भावाला, ज्याचं कार्ड जानेवारीत संपत होतं, अजून दोन वर्षं. आणि तिला काहीच नाही. एका घरात, एकाच दिवशी देशात आलेली दोन भावंडं. भावाचे पैसे तिनेच भरले. जानेवारी 2018 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या कोर्टाने रिन्यूअल पुन्हा सुरू करायला लावलं म्हणून तिचं निभावलं. पुढे 18 जून 2020 ला सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला की बंद करण्याची पद्धत चुकीची होती. बंद करता येणार नाही असं कोर्ट म्हणालं नाही, फक्त नीट कारण देऊन बंद करा म्हणालं. तिथे आनंदाने नाचणाऱ्या मुलांचे फोटो मी त्या वेळी पाहिले होते. ती म्हणते, नाचले ते खरं, पण निकाल आम्ही सगळ्यांनी वाचला होता. 2021 च्या जुलैपासून टेक्सासच्या कोर्टामुळे नवे अर्ज मंजूर होणं थांबलं. आता जे आत आहेत, पाच लाखांच्या आसपास, तेच फिरून फिरून रिन्यू करतात.

माझी पाळी 2021 मध्ये आली. मार्च 2019 पासून एच-फोरच्या मुदतवाढीला बोटांचे ठसे सक्तीचे झाले होते, त्यात साथीने ठशांची केंद्रं बंद पडली, अर्जांचे ढीग साचले. देशभर हजारो बायकांच्या नोकऱ्या गेल्या, खटले झाले. माझं कार्ड संपलं त्या शुक्रवारी तेव्हाच्या ऑफिसातल्या एचआरने फोन केला, आवाज अगदी गोड: सोमवारपासून येऊ नकोस, पगाराशिवायही काही करू नकोस, ईमेलसुद्धा बघू नकोस. लायसन्सही त्याच तारखेला संपलं, कारण आमचं लायसन्स आय-94 ला, म्हणजे देशातल्या मुक्कामाच्या मुदतीच्या नोंदीला, बांधलेलं. गंमत अशी की त्याच वर्षी मेपासून न्यू जर्सीने कागद नसलेल्यांनाही साधं लायसन्स द्यायला सुरुवात केली होती. म्हणजे तिची आई, जिच्याकडे काहीच नाही, ती परीक्षेची तयारी करत होती. आणि कायद्याने आलेली मी, नवऱ्याने सोडलं तरच किराण्याला. मंडळातल्या त्या मसालेभातवाल्यांना हे सांगितलं तर त्यांना वाटलं मी तिच्या आईच्या लायसन्सबद्दल तक्रार करतेय.

काही महिन्यांनी कार्ड आलं, पण ती नोकरी गेली होती. मग हा दवाखाना.

मधल्या काळात आमच्या बाजूने दोन गोष्टी झाल्या. नोव्हेंबर 2021 मध्ये एका खटल्यातल्या तडजोडीने सी-26 वाल्यांनाही आपोआप मुदतवाढ लागू झाली: वेळेत अर्ज केला असेल आणि आय-94 शिल्लक असेल तर जुनं कार्ड आणि पावती दाखवून 180 दिवस काम सुरू ठेवा. पुढे ते 540 झाले. यातली मेख 'आय-94 शिल्लक असेल तर' या शब्दांत. आमच्यातल्या बहुतेकींचं आय-94 आणि कार्ड एकाच दिवशी संपतं. तरीही, ज्यांना लागू झालं त्यांना झालं. आणि जानेवारी 2023 मध्ये दुसऱ्या एका तडजोडीने ठरलं की नवऱ्याचा आणि बायकोचा अर्ज एकत्र आला तर एकत्रच बघायचा. ती दोन वर्षं मात्र खरंच सुखाची गेली. ती मुदत जानेवारी 2025 मध्ये संपली. आणि 30 ऑक्टोबर 2025 पासून दाखल होणाऱ्या अर्जांना आपोआप मुदतवाढही नाही.

मी दुसऱ्या दिवशी डबा उघडताना तिला ही बातमी सांगितली. तिला कळेना मी एवढी का चिडले. डाकाला ही आपोआप मुदतवाढ कधीच नव्हती. सी-33 त्या यादीत कधी नव्हताच. तिच्यासाठी कार्ड संपलं म्हणजे संपलं, पहिल्या दिवसापासून. म्हणून तर ते दीडशे दिवस, ती निळी फाइल.

आता मंडळातल्या एका गृहस्थांबद्दल, नाव न घेता. मसालेभाताचं वाक्य मी पहिल्यांदा त्यांच्याच तोंडून ऐकलं. ते 2006 मध्ये आले, मुलगी चार वर्षांची. ग्रीन कार्डाची तारीख 2012 ची. मुलगी इथेच बालवाडीपासून शिकली, मंडळात 'मोगरा फुलला' वर नाचली, मराठी बोलते ती आपल्या नव्हे तर न्यू जर्सीच्या चालीत. 2023 मध्ये ती एकवीस पूर्ण झाली. त्या वर्षी भारताची ईबी-टूची तारीख 2011 च्या पहिल्या दिवसावर महिनोन्‌महिने अडकून होती, म्हणजे त्याआधी नंबर लागलेल्यांनाच कार्ड मिळत होतं. एकविसाव्या वाढदिवसाला मूल एच-फोरमधून बाहेर पडतं. तिने विद्यार्थी व्हिसा घेतला, जणू काही ती कालच पुण्याहून शिकायला आली. 2025 मध्ये आईवडिलांना ग्रीन कार्ड मिळालं. तिला नाही, कारण ती आता त्यांचं 'मूल' उरली नव्हती. शिक्षण संपल्यावर वर्षभराचं काम, मग एच-वनची लॉटरी, ती नाही लागली तर सोलापूर. सोलापूर तिने सुट्टीत पाहिलंय.

अशी मुलं दोन लाखांच्या पुढे असल्याचं त्यांच्या बाजूने बोलणारे सांगतात. त्यांच्यासाठी 2021 पासून काँग्रेसमध्ये विधेयकं मांडली जातात आणि पडून राहतात. पण मला जे जास्त लागलं ते वेगळंच. मी त्या मुलीच्या तारखा आमच्या दवाखान्यातल्या तिला सांगितल्या. तिने बोटांवर हिशेब केला. सोळाच्या आत आली, हो. 2007 च्या आधी आली, हो. 2012 ला इथे होती, हो. शाळा झाली, हो. 'मग हिला डाका का नाही मिळाला?'

कारण डाकाची एक अट अशी आहे की 15 जून 2012 या दिवशी तुमच्याकडे कायदेशीर दर्जा नसला पाहिजे. त्या दिवशी दहा वर्षांच्या त्या मुलीकडे एच-फोर होता. वडिलांनी एकही तारीख चुकवली नव्हती.

ती थोडा वेळ चावत राहिली. मग म्हणाली, 'म्हणजे तिच्या बाबांनी एकदा रिन्यू करायचं विसरायला हवं होतं?' आणि दोघी इतक्या हसलो की डॉक्टर बाहेर येऊन बघून गेले. हसण्यासारखं काही नव्हतं हे नंतर जाणवलं, आणि तेव्हाही माहीत होतंच.

ते गृहस्थ आता ते वाक्य म्हणत नाहीत. परवा त्यांनी विचारलं, तुमच्या ओळखीत कुणी चांगला वकील आहे का, कॅनडाचं बघणारा. मी नंबर दिला.

आमच्या डॉक्टरांनी दोन-तीन वेळा तिला म्हटलंय, हायजिनिस्ट हो, काउंटी कॉलेजात कोर्स कर, पगार दुप्पट होईल. ती दर वेळी टाळायची. आधी लागणारे विषय आणि मग दोन वर्षांचा कोर्स. कार्ड दोन वर्षांचं. कोर्सच्या मध्यात काय होईल याचा भरवसा नाही, मग पैसे कशाला घालायचे, हा तिचा हिशेब. मीही घर घेताना हाच हिशेब केलाय, अजून भाड्यानेच राहतो. पण न्यू जर्सीत 2020 च्या कायद्याने व्यवसायाच्या लायसन्ससाठी इमिग्रेशनचा दर्जा बघत नाहीत, हे तिला या वर्षी कुणीतरी सांगितलं. लायसन्स तिचंच राहील, कार्ड असो वा नसो. नोकरी राहील की नाही हा वेगळा प्रश्न.

गेल्या आठवड्यात तिने पहिल्या विषयाची फी भरली, ॲनाटॉमी, संध्याकाळचे वर्ग. मी विचारलं, आता कसं काय ठरवलंस? ती म्हणाली, या वेळचं रिन्यूअल ऑनलाइन केलं, पन्नास डॉलर वाचले होते.